एक इयत्ता मागे

दादा आज ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवतो. दिव्यांग विद्यार्थ्यांचं सगळं तिथे तोच बघतो, आणि शिक्षण सर्वांपर्यंत कसं पोचवावं यावर भाषणं द्यायला त्याला लांबलांबून बोलावणी येतात. भाषण चांगलं करतो. आई गेल्यापासून खरं काय झालं ते माहीत असलेली मी एकटीच उरले आहे. त्याचा बोलणारा फोन मराठी फार सफाईने वाचतो, म्हणून इथे मी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही.

अंध विद्यार्थी उत्तरं सांगतो आणि शेजारी बसून दुसरा कुणीतरी ती लिहितो. त्या लिहिणाऱ्याला सगळे रायटर म्हणतात. रायटरसाठी एक नियम आहे. तो परीक्षा देणाऱ्यापेक्षा निदान एक इयत्ता खालचा हवा, म्हणजे स्वतःच्या डोक्याने उत्तरं लिहिणार नाही. नियम शहाणपणाचा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त ज्याने तो केला त्याच्या घरी एकाच इयत्तेत दोन भावंडं नसावीत.

आमच्या घरी होती. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दहावीत असताना त्याच्या डोळ्यांचे पडदे सरकले, ऑपरेशनं झाली, पण दिसणं गेलं ते गेलंच. पुढची दोन वर्षं तो आंबिवलीच्या आमच्या चाळीतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून होता. जेवायला हाक मारली तरी वळायचा नाही. मी दहावीला गेले तेव्हा एकदा आपणहून म्हणाला, तुझं पुस्तक जरा मोठ्याने वाच. मी वाचत गेले आणि घसा बसेपर्यंत वाचत राहिले. दोघंही एकाच वर्षी दहावी झालो आणि पुढे बारावीही.

बारावीला त्याचा पेपर लिहायला शेजारची मुलगी गेलेली. गुणी होती, पण हात फार सावकाश चालायचा. राज्यशास्त्राचे दोन प्रश्न दादाच्या तोंडातच राहिले आणि घंटा झाली. तो काठावर पास झाला. घरी येऊन परत भिंतीकडे तोंड करून बसला, तेव्हा आई इतकी घाबरली की हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

मग तिने मला नळावर गाठून सांगितलं की तू एक वर्ष थांब. तो पुढे जाऊ दे, तू त्याच्यामागे एक इयत्ता राहा, म्हणजे रायटर घरचाच होईल. माझी आई मुलीला चुलीशी बसवणारी बाई नव्हती, हे सांगायला हवं. दिवसभर कंपनीत पॅकिंगचं काम करायची, आणि माझं लग्न सुचवायला आलेल्या मामाला तिने चहासुद्धा न देता परत पाठवलं होतं. तीच मला थांब म्हणत होती. दादाला कळलं तर तो ऐकणार नाही, म्हणून त्याला सांगितलं की मला हव्या त्या कॉलेजात नंबर लागला नाही. बिचाऱ्याने माझी समजूत घातली.

त्याला ठाण्याला ॲडमिशन मिळाली. कॉलेज खरंच चांगलं होतं. रॅम्प होता, बोलणारे कॉम्प्युटर होते, मन लावून शिकवणारे सर होते. रायटरही आम्ही देतो म्हणायचे, फक्त पेपरच्या दिवशी सकाळी रायटर देणाऱ्या मॅडम फोन उचलायच्या नाहीत. पहिलं वर्ष त्याचे सगळे पेपर मीच लिहिले. पुढच्या वर्षी मी कल्याणच्या कॉलेजात नाव घातलं आणि वेळापत्रक लागलं. त्याचे आणि माझे पेपर त्याच दिवशी, त्याच वेळेला.

मी कल्याणच्या आमच्या सरांकडे गेले. माणूस सज्जन होता. सगळी परिपत्रकं काढून, चष्मा लावून वाचली आणि म्हणाला, "दिव्यांग विद्यार्थ्याला सवलत आहे. त्याच्या बहिणीला काही नाही गं." त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण मी निघाले तरी तो कागद चाळतच होता.

आई मेथी निवडत होती. ऐकून घेतलं, हातातली जुडी संपवली. मग म्हणाली की तुझा पेपर पुढच्या वेळी सुटेल, त्याचं वर्ष गेलं तर तो पुन्हा उठायचा नाही. ते दोन वर्षांचं बसणं मीही पाहिलं होतं.

माझे पेपर नंतर आहेत, असं दादाला सांगितलं. त्या परीक्षेला आम्हाला वेगळी खोली मिळाली. दादा डोळे मिटून सांगायचा, अगदी स्वल्पविरामासकट. "नवीन परिच्छेद" म्हणताना त्याचा आवाज असा चढायचा की मला हसू यायचं. खोटं कशाला बोलू, ते तास मला आवडायचे. पण मध्येच कल्याणचा वर्ग आठवायचा. बाकावर खडूने माझा नंबर लिहिलेला असेल आणि बाक रिकामा असेल. तोवर दादा पुढच्या वाक्यावर गेलेला असायचा.

तो फर्स्ट क्लासमध्ये आला. मी गैरहजर होते, पण त्याला सांगितलं की केटी लागली, विषय राहिले. दादाला ते पटेचना. माझ्याहून हुशार तू, नापास कशी होतेस, म्हणून चिडला, आणि मग चेष्टा करायला लागला. घरात शिरताना विचारायचा, "काय केटी क्वीन, अभ्यास झाला का?" रविवारी मला शिकवायलाही बसायचा. तो शिकवायचा तो एकूण एक धडा मी आधीच त्याच्या तोंडून ऐकून लिहिलेला. तरी मी मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचे, कारण नापास होणारीने चुकायला हवं. तो न कंटाळता परत समजावायचा. तेव्हा मात्र मला त्याचा भयंकर राग यायचा. आंधळा आहे म्हणून इतकंही दिसू नये?

पुढच्या परीक्षांनाही तेच झालं. शेवटी मी कॉलेज सोडलं आणि डोंबिवलीत एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायच्या कामाला लागले. दादाला सांगितलं, कंटाळा आला.

तो बी.ए. झाला. आमच्या वस्तीतल्या विहारात एक रीत आहे. घरातलं पहिलं माणूस पदवीधर झालं की त्याचा सत्कार करतात, आणि त्याने सगळ्यांसमोर आणखी एकाचा हात धरून सांगायचं असतं की आता याचं शिक्षण माझ्याकडे. ही गंमत नसते. ज्याचा हात धरला तो पदवीधर होईपर्यंत म्हातारी माणसं रस्त्यात अडवून चौकशी करतात. वस्तीतल्या नर्स, क्लार्क, मास्तर सगळे असेच एकमेकांना धरून वर आलेले. दादा शेजारच्या त्या मुलीचा हात धरणार, असं सगळे गृहीत धरून होते.

दादा उभा राहिला आणि म्हणाला, "माझी बहीण. सगळे तिला नापास म्हणतात. मी तिला पास करून दाखवणार. अगं, कुठेयस? हात दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक पाऊल पुढे टाकलंच मी. मग बायकांच्या रांगेत बसलेली आई दिसली. तिने खूण केली नाही की मान हलवली नाही. नुसती खाली बघत राहिली. दादाचं एम.ए.चं नक्की झालेलं होतं. पेपर पुन्हा त्याच दिवसांत येणार होते. हात दिला असता तर माझ्या पेपरांच्या तारखा त्यानेच विचारल्या असत्या, पहिल्याच परीक्षेला त्याला सगळं कळलं असतं, आणि त्याने एम.ए. तिथल्या तिथे सोडलं असतं. मी त्याला ओळखत होते.

मी म्हटलं, "दादा, मला नाही शिकायचं."

तो हात पुढे करून तसाच उभा राहिला. मी नक्की कुठे आहे ते त्याला कळलं नव्हतं, त्यामुळे हात भलत्याच बाजूला झाला होता. मागून एक आजोबा म्हणाले की संधी चालून येते तरी काहींना तिची किंमत नसते. शेवटी शेजारची मुलगी पुढे झाली आणि तिने तो हात धरला. ती आज शाळेत शिकवते, आणि मला तिचा हेवा वाटतो.

मी दादाला घरी घेऊन आले. आई आत भात लावत होती. तो दारातच बसला, काठी घडी करून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आज मला तुझी लाज वाटली."

थोड्या वेळाने त्याने आवाज खाली आणला.

"निदान एम.ए.चे पेपर लिहायला तरी येशील ना?"

"येईन," मी म्हटलं.