वठलेल्या शिरिषाचा ठोका

दिनांक १९ मे रोजी शाळेच्या समितीने रुपये एकवीस हजार चारशे मंजूर केले. बालवर्गाच्या मागचा वठलेला शिरीष उतरवण्यासाठी ही रक्कम होती. परांचीच्या बांबूंचे भाडे, दोर, फांद्या नेणारी गाडी आणि दोन माणसांची मजुरी असे सगळे त्यात धरले होते. आदेश मी टाइप केला. "कारागीर एक, दोरावर त्याची पत्नी" हे शब्दही माझेच. या शाळेत कारकून म्हणून माझी एकतीस वर्षे झाली, पण इतके नेमके वाक्य पुढे इतके उपयोगी पडल्याचे मला दुसरे आठवत नाही.

त्या कारागिराला सगळे डॉक्टर म्हणत. झाडाला करवत लावण्याआधी तो लाकडी हातोडीने खोडावर ठोके देई आणि कान लावून ऐके, छाती तपासावी तसा. भरीव लाकूड एका आवाजात बोलते, आतून कुजलेले दुसऱ्या. त्यावरून तो पाय कुठे ठेवायचा आणि कुठे अजिबात जायचे नाही हे ठरवी. त्याचा कान कधी चुकत नाही अशी ख्याती होती आणि कामे त्या ख्यातीवरच मिळत. बायको खाली दोर धरी. आमचा शिपाई तिला कंपाउंडर म्हणे.

शिरीष दोन वर्षांपूर्वी वठला. सालीचे पापुद्रे गळून पडत होते, बुंध्याशी अळंब्यांच्या छत्र्या उगवल्या होत्या आणि सगळे झाड बालवर्गाच्या कौलांकडे दीड हात झुकले होते. त्या कौलांखाली चाळीस पोरे बसतात. दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत आणि विजेच्या तारा. एका घावात पाडायला जागाच नव्हती आणि माणसाला उंच उचलणारी पाळण्याची गाडी आमच्या फाटकातून आत येत नव्हती.

"चढून नाही का उतरवता येणार?" मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी विचारले होते.

"जिवंत फांदी मोडायच्या आधी वाकते, करकरते, सांगते," डॉक्टर म्हणाला. "वठलेली काही सांगत नाही. तिच्या अंगावर भार टाकायचा नाही."

बारा फुटांवर एक नीलगिरी होती, जिवंत आणि शिरिषाहून उंच. डॉक्टर शिरिषाशेजारी परांची बांधून तिच्यावर उभा राहणार, त्याच्या कमरेचा दोर नीलगिरीच्या बेचक्यातून खाली येणार, कापलेली फांदीसुद्धा नीलगिरीवरूनच सोडायची, असे ठरले. दोन्ही दोरांना नीलगिरीच्या बुंध्याभोवती दोन-दोन वेढे आणि टोके बायकोच्या हातात. कमरेच्या दोराला एक हिसका दिला की चालू, दोन दिले की थांब. ही या धंद्यातली रीत असावी असे मला वाटले.

पाहणीच्या दिवशी मी फाईल घेऊन डॉक्टरच्या उजव्या हाताला उभा होतो. किती दिवस लागतील असे दोनदा विचारले. उत्तर आले खोडाच्या पलीकडून.

"सहा दिवस, भाऊसाहेब."

मी वाकून पाहिले. त्याची बायको खोडाला कान लावून, डोळे मिटून उभी होती. हातोडीचा ठोका पडला की सालीवर तिचे एक बोट उठे किंवा दोन: एक म्हणजे भरीव, दोन म्हणजे पोकळ. डॉक्टर ते बोट पाही आणि मोठ्याने पुकारी, "इथं भरीव! इथं पोकळ!"

"कान म्हणजे कान आहे डॉक्टरांचा," शिपाई म्हणाला. मी फाईलमध्ये डोके घातले.

आगाऊ रक्कम घ्यायला ती एकटीच माझ्या टेबलाशी आली.

"भाऊसाहेब, तुम्ही पाहिलंत."

"काय पाहिलं?"

"उगाच वेड पांघरू नका. तुम्ही पाहताना मी पाहिलं." तिने पावतीवर सही केली आणि पेन हातातच धरून ठेवले. "बहिरा माणूस करवत घेऊन वर चढतो म्हटलं, तर कोण काम देईल आम्हाला? मी ऐकते ते चोख ऐकते. एवढंच सांगायचं होतं."

मी कोणाला सांगणार नाही असे म्हणालो.

रविवारी एका राहिलेल्या सहीसाठी मी त्यांच्या घरी गेलो. एकच खोली. भिंतीवर खुंट्यांना दोरांची वेटोळी, प्रत्येकाला ज्या वर्षी घेतला त्या वर्षाचा रंगीत धागा. ती खाली बसून एकेक दोर हातांतून सरकवीत होती, कुठे धागा सुटला आहे का हे बोटांनी बघत. तो रेडिओ पूर्ण आवाजात लावून बसला होता.

"आमच्याकडे भांडायची सोयच उरली नाही," ती म्हणाली. "मी तोंड वाजवायचं आणि यांनी हसायचं. माझंच तोंड दुखतं."

तो खरोखरच हसला. तिचे बोलणे त्याला ओठांवरून कळत असावे.

सतराव्या वर्षी तो मामाच्या हाताखाली या धंद्यात आला. आधी हातकरवत होती, नंतर मशीन आले. मशीन उजव्या कानाच्या वीतभर अंतरावर गुरगुरे. कानात कापूस घाल असे मामा सांगे, पण कापूस घातला तर झाड ऐकू येत नाही म्हणून त्याने वीस वर्षे काही घातले नाही. उजवा कान आधी गेला, मग डावाही निम्मा.

ती त्याआधी कौलांच्या कारखान्यात होती. अकरा वर्षे भट्टीतून निघालेली कौले बोटाने वाजवून तडकलेली बाजूला काढायची, दिवसाला दोन हजार. लग्नानंतर काही वर्षांनी कारखाना बंद पडला आणि ती दोरावर आली. सहा वर्षांपूर्वी एका वठलेल्या आंब्याला त्याने भरीव म्हटले आणि खाली उभ्या असलेल्या तिला ठोक्यात तडकलेले कौल ऐकू आले. ती ओरडली. त्याला ऐकू गेले नाही. तेव्हा तिने कमरेचा दोर दोनदा ओढला. दुसऱ्या दिवसापासून कान तिचा आणि आवाज त्याचा असे काम सुरू झाले. हिसक्यांची रीत धंद्यातली नव्हती, त्या दोघांचीच होती.

२७ मे रोजी काम सुरू झाले. तीन दिवस सगळे सुरळीत चालले. शेंड्याकडच्या फांद्या हात-दीड हाताच्या तुकड्यांनी उतरल्या. तिने दोर सैल सोडला की तुकडा अलगद जमिनीला टेकत असे, झोपलेले मूल अंथरुणावर ठेवावे तसा.

३० मे रोजी ती आली नाही. ताप होता. दोरावर तिचा भाऊ आला, अंगाने चांगला मजबूत गडी. त्या दिवशी कौलांवर आलेली मोठी फांदी काढायची होती. परांची तिथवर पोचत नव्हती. परांचीवरून एक पाय खोडाच्या बेचक्यात ठेवला तरच हात पुरणार होता.

मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. शाळा ८ जूनला उघडणार आणि रंगारी खोळंबला होता. मी नीलगिरीपासून चार पावलांवर उभा होतो. डॉक्टरने बेचक्याखाली ठोका दिला आणि डावा कान लाकडाला लावला. पुन्हा ठोका दिला. मग त्याने खाली पाहिले, रोज ती जिथे असते तिथे. मेहुणा दोराकडे बघत होता.

"भरीव!" डॉक्टर ओरडला. रोजच्यापेक्षा मोठ्याने. त्याने पाय उचलला.

लाकडातले मला काही कळत नाही. तो ठोका कोणीही ऐकलेला नाही, एवढेच मला कळत होते. मी धावलो. हाक मारण्यात अर्थ नव्हता. मेहुण्याला ओलांडून, वेढ्यांच्या वर कमरेचा दोर धरला आणि दोन हिसके दिले.

उचललेला पाय तसाच राहिला. त्याने खाली पाहिले. दोरावर मला पाहून त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही.

"काय झालं?" मोठ्या बाई खाली आल्या. चार पालकही फाटकाशी उभे होते. खरे बोललो असतो तर त्या माणसाचा धंदा तिथेच संपला असता.

"आदेशात दोरावर पत्नी असं लिहिलंय," मी म्हणालो. "आज दुसराच माणूस आहे. काही झालं तर जबाबदारी शाळेवर येईल. काम थांबवावं लागेल."

"अहो, तुमचे कागद झाडाला कळतात का?"

"मला कळतात, बाई."

डॉक्टर खाली उतरला तो तापलेलाच. "कारकुनी करून करून माणसं कागदावर उभी राहतात असं वाटायला लागलंय तुम्हाला! एक दिवस बुडवलात. ह्या मेहुण्याची मजुरी कोण देणार?"

मी त्याच्या डाव्या कानाशी गेलो. "वर काही ऐकू आलं का?"

तो पायरीवर बसून दोराचे वेटोळे करू लागला. दोनदा चुकले. पुन्हा उलगडून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाल गुंडाळून आली. डोळे लाल होते. घरी काय बोलणे झाले मला माहीत नाही. नीलगिरीखाली झाले ते ऐकले.

"मी वर जाते."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय, सगळ्यांच्या पाठीमागे? बांधा दोर."

त्याने तिच्या कमरेला गाठ बांधली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. शिपाई म्हणाला, "कंपाउंडर निघाली वरती!" कोणी हसले नाही. ती परांची चढली, तोल सांभाळत, एकेक आडवा बांबू चाचपत. खाली दोर त्याच्या हातात होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बेचक्याखाली तिने ठोका दिला, कान लावला आणि हात उंच केला. दोन बोटे. हातभर खाली, दोन बोटे. आणखी खाली, दोन. पुरुषभर उंची उतरून आली तेव्हा कुठे एक बोट दिसले.

एरवी अशा वेळी तो पुकारा करी. आता सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते आणि तो वरच्या हाताकडे. शेवटी मोठ्या बाईंनीच विचारले, "काय म्हणतंय झाड?" प्रश्न त्याच्या उजवीकडून आला होता. मेहुण्याने त्याच्या खांद्याला हात लावून बाईंकडे बोट दाखवले.

"पोकळ आहे," डॉक्टर म्हणाला. "काल मी भरीव म्हणालो होतो. मला ऐकू येत नाही, मोठ्या बाई. सहा वर्षं झाली. ऐकते ती हीच."

मोठ्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग वर परांचीकडे, आणि म्हणाल्या, "त्यांना सावकाश उतरवा. तापात आहेत."

बेत बदलला. वर्गाच्या बाजूने दुसरी परांची जमिनीवरून उभी केली, शिरिषाला कुठेही न टेकवता. ती फांदी टोकाकडून हातभर हातभर कापत आणली. ५ जूनला खोड तुकड्यांनी खाली आले. बेचक्याचा तुकडा शेवटपर्यंत दोरावर सांभाळून उतरवला होता, तरी जमिनीला टेकताच तो स्वतःच्याच वजनाने उकलला. आत काळा भुसा. बाहेरचे लाकूड दोन बोटे जाड. डॉक्टरने कोपरापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. ती शेजारी उभी होती. तिने त्याच्या शर्टावरचा भुसा झटकला आणि दोर गोळा करायला गेली.

सगळ्या कामात नुकसान म्हणाल तर एक कौल फुटले, एका काटकीने. कोठीतून मी जुनी कौले काढून दिली. तिने एकेक बोटाने वाजवले, तीन बाजूला ठेवली, चौथे मेहुण्याच्या हातात दिले. नवी मुले ८ जूनला त्याच्याखाली बसली.

समितीचे अध्यक्ष आणखी दोन झाडांचे काम त्यांना देणार होते. ते त्यांनी दुसऱ्या माणसाला दिले. कारण कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितलेही नाही. हल्ली वर मेहुणा चढतो, ठोके ती ऐकते आणि दोर डॉक्टर धरतो. काम घ्यायला गेला की पहिल्या वाक्यात तो सांगतो की मला ऐकू येत नाही, हिच्याशी बोला. कामे पूर्वीच्या निम्मी आहेत. सकाळी कधी रस्त्यात भेटतात, तो उजव्या बाजूला चालतो, ती त्याच्या डाव्या कानाशी काहीतरी बोलत असते आणि तो हसतो. शिपाई तिला आता बाई म्हणतो.

बिलाची पावती त्याने तिच्या नावाने करायला सांगितली, तशी केली. रक्कम पूर्ण दिली, एक बाब सोडून. ३० मे रोजी काम बंद असल्याने दोरावरच्या बदली माणसाची त्या दिवसाची मजुरी देय नाही, असा शेरा समितीने मारला. मी दोनदा टिपण पाठवले, दोन्ही परत आले. मी स्वतः पैसे देऊ केले तेव्हा डॉक्टर म्हणाला, "हे तुमचं देणं नाही, भाऊसाहेब. शाळेचं आहे."

मेहुण्याचे सहाशे रुपये शाळेकडून अजून येणे आहेत.