सिस्टरांच्या घरातली जागा

लग्न होऊन हैदराबादला आले तेव्हा माझ्यासोबत एक ट्रॉली बॅग होती, साड्यांचे बॉक्स होते आणि मम्मीनं दिलेला मसाल्याचा डबा. त्यानंतरच्या महिन्यांत माझ्या सामानात भर पडली ती फक्त किस्स्यांची. किस्स्यांचं एक बरं असतं, त्यांना कपाट लागत नाही. कुठल्याही कोपऱ्यात पडून राहतात आणि मैत्रिणीचा फोन आला की आपणहून बाहेर येतात. आमच्या घरात परवानगी न घेता पसरलेली अशी ही एकच गोष्ट असेल!

कारण आमचं घर साधंसुधं नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. रिटायर झाल्या, पण थिएटर सोबत घेऊन आल्या. नल्लकुंट्याची आमची अख्खी गल्ली त्यांना ‘सिस्टर’ म्हणते. सासरे, म्हणजे बाबा, तेसुद्धा म्हणतात, फक्त आई समोर नसताना.

मी तशी कमी बोलणारी. त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळतो.

०

सासरच्या स्वयंपाकघरातला माझा पहिला दिवस. आई गॅससमोर उभ्या, पाठ माझ्याकडे. मान न वळवता त्यांनी उजवा हात मागं केला आणि म्हणाल्या, “पळी.”

मी घाबरून हाताला लागलं ते उलथनं त्यांच्या हातात ठेवलं.

आई रागावल्या नाहीत. उलथनं ओट्यावर ठेवलं आणि हात पुन्हा तसाच मागं. उघडा, शांत, वाट बघणारा. वरण उकळत होतं, हात हलत नव्हता. मी दोन ड्रॉवर उघडले, पळी शोधली आणि ठेवली.

“गुड,” आई म्हणाल्या.

संध्याकाळी प्रशांतला, म्हणजे नवऱ्याला, हे सांगितलं. तो ताडकन उठून बसला.

“पहिल्याच दिवशी गुड? मला बारावीच्या रिझल्टला नाही मिळालं!”

०

प्रशांतच्या बँकेतल्या मित्रांना बायकांसकट जेवायला बोलावलं होतं. जेवण छान झालं. सगळे निरोप घेत दारापर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या. इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

“कुणी हलायचं नाही. काउंट जुळत नाहीये.”

एक चमचा कमी होता. ऑपरेशन संपलं की टाके घालण्याआधी सगळी हत्यारं मोजतात, हा थिएटरचा नियम. आमच्याकडे तो नियम पाहुण्यांना लागू आहे.

एका मित्राची बायको हळूच प्रशांतला म्हणाली, “एका चमच्यासाठी?”

प्रशांतनं लहानपणापासून पाठ असलेलं उत्तर दिलं, “पोटात राहिला असला तर?”

“कुणाच्या?”

सोफ्याच्या उशा उचलल्या गेल्या. पाहुण्यांनी आपापल्या पर्स उघडून दाखवल्या, कुणी मागितलं नसताना! शेवटी चमचा सापडला बाबांच्या शर्टाच्या खिशात. खीर संपवून त्यांनी तो सवयीनं खिशाला अडकवला होता.

“मला वाटलं पेन आहे,” बाबा म्हणाले.

आईंनी चमचा घेतला, नळाखाली धरला आणि पाहुण्यांकडे बघून म्हणाल्या, “आता निघा. सावकाश जा.”

०

खालच्या मजल्यावर सुजाता आंटी राहतात. तेलुगू आहेत, आईंची जुनी मैत्रीण. दोघींची भाषा हैदराबादी. एकदा दुपारी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “सिस्टर, तुम्हारे घर में मेरेकु डर लगता. किधर बैठूँ बोलो पहले.”

“अरे बैठो ना, किधर बी बैठो!”

आंटी वेताच्या खुर्चीवर बसल्या. गप्पा सुरू झाल्या. आई बोलत होत्या खऱ्या, पण मला त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी टोचताना दिसत होतं. शेवटी राहवेना.

“जरा इधर आते क्या? वो इनकी जगा है.”

बाबा त्या वेळी विद्यानगरला फिरायला गेले होते. तासभर तरी येणार नव्हते.

आंटी उठल्या, स्टुलावर बसल्या आणि रिकाम्या खुर्चीला हात जोडून मला म्हणाल्या, “देख अम्मा, इस घर में खाली कुर्सी कू बी इज्जत है!”

मी हसले. मग दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. त्या घरात मी कुठं बसते, ते मला आठवेना. उभीच असायचे बहुतेक.

०

मी घरून काम करते, मेडिकल कोडिंगचं. डॉक्टरांचे रिपोर्ट वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड द्यायचा. म्हणजे दिवसभर मी जगातल्या सगळ्या दुखण्यांना त्यांच्या जागेवर बसवते आणि संध्याकाळी उठून विचारते, “आई, ही किसणी कुठं ठेवू?”

०

बाबा बस डेपोत नोकरीला होते. आईंच्या राज्यात त्यांच्या ताब्यात एकच प्रदेश आहे, माळा. तिथं मिक्सरचं खोकं, पंख्याचं खोकं, विकून टाकलेल्या टीव्हीचंसुद्धा खोकं आहे. विचारलं की हैदराबादीत म्हणतात, “काम आता,” म्हणजे कधीतरी उपयोगी पडतं.

मी घर आवरण्याचे व्हिडिओ खूप बघायचे तेव्हा. एका रविवारी आई मैत्रिणीकडे गेल्या होत्या. मी हिंमत करून बाबांना म्हटलं, “आपण माळा आवरू या का? व्हिडिओत एक सोपा नियम सांगतात. जी वस्तू वर्षभरात वापरली नाही, ती देऊन टाकायची.”

बाबा शिडीवर होते. हातात टीव्हीचं खोकं. त्यांनी ते नीट पुसलं, थोडा वेळ धरून ठेवलं.

“शीतल,” ते म्हणाले, “मला रिटायर होऊन दोन वर्षं होतील आता.”

आम्ही खोकं परत वर ठेवलं. मग चहा केला. तो व्हिडिओ मी पुन्हा लावला नाही.

०

आता मसाल्याच्या डब्याचं. हे सांगताना मला अजून थोडं अवघडायला होतं.

मम्मीनं दिलेला डबा मी कौतुकानं भरला, मम्मी भरते तसा. मधे धनेपूड, तिच्या भोवती हळद, जिरं, मोहरी असं. आईंचा जुना डबा गळका झाला होता, म्हणून तो गेला आणि माझा ओट्यावर आला. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी बघते तर मधे तिखट!

सकाळी धनेपूड पुन्हा मधे आणली. संध्याकाळी पुन्हा तिखट. आम्ही दोघी एकमेकींशी अगदी नीट बोलत होतो, भाजी काय करायची, दूध किती घ्यायचं. फक्त वाट्या फिरत होत्या. आठवडाभर चाललं हे.

“तो डबा फिरतो का गं?” प्रशांतनं एकदा विचारलं. मी म्हटलं, “नाही तर.”

मग एका दिवशी माझी कामाची मीटिंग आणि वांग्याची भाजी एकदम आली. हात न बघता जागेवर गेला पाहिजे, हे आईंनीच शिकवलेलं. मी न बघता मधल्या वाटीतली धनेपूड घातली. दोन चमचे, भरून.

मी डबा माझ्या पद्धतीनं लावलेला आहे असं समजत होते. तो त्यांच्या पद्धतीनं लावलेला होता.

पहिला घास बाबांनी घेतला. त्यांचे कान लाल झाले. प्रशांत सरळ फ्रिजकडे पळाला. आईंनी भाजीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ट्रे एकाच माणसानं लावायचा असतो,” त्या म्हणाल्या. “दोघांनी लावला की पेशंट जातो.”

“पेशंट आहे अजून,” बाबा पाण्याचा ग्लास खाली ठेवत म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाट्यांना हात लावला नाही. तिखट मधेच राहिलं आणि आजही तिथंच आहे.

त्या दिवसापासून मात्र एक गोष्ट मनात बसली. या घरात विचारायचं मी आणि सांगायचं आईंनी. कात्री कुठं, सेलोटेप कुठं, माझी पुस्तकं कुठं. त्या कधी चिडून सांगत नाहीत, उलट छान समजावून सांगतात. पण जिथं प्रत्येक वस्तूची जागा विचारावी लागते, त्याला आपलं घर म्हणायचं की हॉस्टेल? एक तरी वस्तू अशी असावी, जिची जागा मी ठरवीन. एवढंच हवं होतं. आणि एवढंच कुणाला सांगता येत नव्हतं, कारण ऐकायला ते फारच लहान वाटतं.

०

एकदा आईंबरोबर कोठीच्या बाजारात गेले. डाळी-साळींसाठी डबे घ्यायचे होते. दुकानदारानं डबे मांडले. आईंनी एकेक झाकण लावून, काढून, उलटं करून, कानाशी हलवून पाहिलं. दुकानदार कंटाळला.

“अम्मा, डब्बा लेरे की दामाद देखरे?”

“दामाद बदल सकते,” आई म्हणाल्या, “ढक्कन नै मिलता.”

येताना ऑटोत डबे आमच्या दोघींच्या मांडीवर. ट्रॅफिक अडकलेलं. आईंना अचानक बोलावंसं वाटलं असावं.

“गावाकडं आमचं एका खोलीचं घर,” त्या म्हणाल्या. “माणसं भरपूर. कपडे खिळ्याला. सकाळी ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं. मी वही कणगीमागं लपवायचे, तरी कुणीतरी पानं फाडून चूल पेटवायचं. मग नर्सिंगला नंबर लागला. हॉस्टेलला आले, तर मेट्रननं एक कॉट दाखवली, एक लॉकर दाखवलं. म्हणाली, हे तुझं. मी लॉकर उघडलं आणि बंद केलं. उघडलं आणि बंद केलं. ठेवायला काही नव्हतंच माझ्याकडं!”

त्या हसल्या. मी हसले नाही.

“जागा ठरलेली असली की ती कुणी घेऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “तुझी बॅग अजून पलंगाखालीच असते. मी झाडताना बघते. कपाट दिलं ना तुला?”

“हो.”

“मग?”

खूप काही सांगता आलं असतं. पण मी पडले कमी बोलणारी.

“ठरलं नाही अजून,” मी म्हटलं.

ऑटो सुटली. डबे सांभाळत त्या घरापर्यंत बाहेरच बघत होत्या.

०

पुढच्याच आठवड्यात चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी नांदेडला माहेरी गेले. मम्मीच्या घरात काय कुठं आहे हे कुणालाच माहीत नसतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी दिवसभर कंगवा शोधला. फार सुखात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन स्वयंपाकाच्या वेळी, प्रशांतचा फोन आला.

“अगं, मीठ कुठंय?”

मला वाटलं चेष्टा करतोय. मिठाची बरणी आमच्याकडे गॅसच्या उजव्या हाताला असते. प्रशांतच्या जन्माआधीपासून असणार. वीज गेली तरी आईंचा हात तिच्यावर बरोबर जातो, झाकण उघडतो, चिमूट घेतो, झाकण लावतो. पातेल्यावरची नजरही हलत नाही.

“आईंना विचार की!”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“आईच विचारतेय,” प्रशांत म्हणाला. त्याचा आवाज जरा घाबरलेला होता.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

“हॅलो. शीतल, मीठ कुठं आहे?” आईच होत्या. नेहमीचाच आवाज, सरळ आणि कामापुरता.

“आई... गॅसच्या उजव्या हाताला.”

“थांब हं.” झाकण उघडल्याचा आवाज. झाकण लागल्याचा आवाज. “आहे. सापडलं.”

“हं.”

मला वाटलं फोन ठेवतील. ठेवला नाही. मम्मी कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली आणि भुवयांनीच विचारू लागली, काय झालं म्हणून.

“मग,” आई म्हणाल्या, “तिथंच राहू द्यायचं का?”

मी भिंतीला टेकले.

“आत्ता राहू द्या,” मी म्हटलं. “आल्यावर बघते.”