लॅपटॉपशी बोलणारे काका

पेणच्या रामवाडीत लॅपटॉप दुरुस्त करणारे एक काका आहेत. गिऱ्हाइकापेक्षा ते लॅपटॉपशीच जास्त बोलतात. माझा अचानक बंद पडला, आणि त्यात माझ्या वारलेल्या आईचे व्हिडिओ होते. काकांनी बटण दाबून तो कानाला लावला. आतून टकटक येत होती.

"कुठं आपटलीस गो?" त्यांनी लॅपटॉपला विचारलं.

"आपटला नाय," मी म्हणालो. "चालू वॉशिंग मशीनवर ठेवून काम करत होतो."

"ऐकलंस?" काका लॅपटॉपलाच म्हणाले. "तुझ्या आत सगळं साठवणारी तबकडी गरगर फिरते, वर केसभर अंतरावर सुई. हादरा बसला, सुई टेकली, ओरखडा पडला!"

चार दिवसांनी बरेचसे व्हिडिओ मिळाले.

"आई लय मस्करी करायची हो तुमची," काका म्हणाले. "घरी बायकोलापण दाखवलं. पोट धरून हसली."

रागवावं की हसावं, मला कळेना. मग दुकानातच बसून आम्ही दोघांनी ते व्हिडिओ पुन्हा पाहिले.