जिना रुंद पाहिजे

आमच्या ऑफिसात ड्रॉइंगपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. जुनी ड्रॉइंग निदान रद्दीत तरी जातात. किस्से कोण घेणार?

बेलापूरला तळमजल्यावर आमचं चार आर्किटेक्टांचं ऑफिस आहे. पाण्याकाठी आणि पाण्यावर उभ्या राहणाऱ्या इमारती डिझाइन करणं हा धंदा. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्याच ऑफिसात गुडघाभर पाणी शिरलं. खुर्च्या तरंगल्या, कचऱ्याचा डबा तरंगला, आमचे बॉस, म्हणजे सर, त्यांची चप्पल दारापर्यंत गेली. बुडालं फक्त आमचं तरंगत्या घराचं मॉडेल.

सर शांतपणे म्हणाले, "मॉडेल एकास पन्नास स्केलचं आहे. पाणी फुल साइजचं आलं."

*

कामोठ्याच्या एका बिल्डरला आम्ही हात जोडून सांगितलं होतं, ही खाडीकाठची जुनी खाराची शेतं आहेत, पाणी भरतं, बेसमेंट नको. त्याने बेसमेंट काढलंच, आणि पाणी उपसायचे पंपही तिथेच बसवले. जुलैत सोसायटीच्या सेक्रेटरींना मी फोन केला.

"टेन्शन नाही," ते म्हणाले. "पाणी उतरलं की लगेच पंप चालू करतो."

त्यांच्या वॉचमनचं सगळं सामान खालीच होतं. त्याच्याबद्दल मी विचारलंच नाही, याची मला अजून लाज वाटते.

*

खाडीचं पाणी कुठवर येतं हे आम्हाला नकाशापेक्षा शेजारच्या दिवाळे गावचे कोळी नाखवा नीट सांगतात. सत्तरीचे आहेत, आता होडी मुलगा चालवतो. गावाशेजारी एका प्लॉटवर डोक्याएवढा भराव पडला, तेव्हा सर त्यांना घेऊन साइटवर गेले.

"हे पाणी आता कुठे जाणार?" सरांनी बिल्डरला विचारलं.

"प्लॉटच्या बाहेर. तो माझा विषय नाही."

नाखवा बोट दाखवून म्हणाले, "तिकरं माजं घर हाय."

बिल्डरने त्यांना चहा पाजला.

*

नाखवांची बायको अर्धांगाने दोन वर्षं अंथरुणात आहे. भराव पडल्यापासून प्रत्येक मोठ्या उधाणाला घरात पाणी येतं. पहिल्यांदा पलंगाच्या पायांखाली एकेक वीट ठेवली. पुढे दोन, मग तीन. चौथी ठेवली तेव्हा म्हातारी नाखवांना म्हणाली, "आता पंख्याला हात लागंल माजा."

नाखवा हे हसत सांगत होते. सरांनी त्याच दिवशी ठरवलं, यांचं घर खांबांवर उचलायचं, फी घ्यायची नाही.

*

परवानगीचा अर्ज परत आला. शेरा होता, 'सदर जागा पाणी भरण्याच्या पट्ट्यात असल्याने घराची उंची वाढवता येणार नाही.'

मी टेबलापलीकडच्या साहेबांना म्हटलं, "अहो, पाणी भरतं म्हणूनच वाढवायचीय ना."

"मग पाणी भरत नाही असं लिहून आणा."

मला इतका राग आला की फाइल आपटून बाहेर आलो. सरांनी ती उचलून पुन्हा दिली, पुन्हा दिली, आणि सातव्या खेपेला सही झाली.

*

परवानगी आली त्या दिवशी पेढे आले. सरांनी ड्रॉइंगची प्रिंट नाखवांना दिली. "घरी दाखवा. काही बदल हवा असेल तर आत्ताच सांगा, एकदा खांब उभे राहिले की काही हलवता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाखवा आले. प्रिंट टेबलावर पसरली.

"वहिनींना दाखवलं?" सरांनी विचारलं.

"दाखवला. झोपल्या झोपल्या सगला बगितलान. खिरकी पसंत परली तिला. पलंग आता कोरडा ऱ्हाईल, बोलली."

"मग बदल काही नाही ना?"

नाखवांनी जिन्यावर बोट ठेवलं.

"ह्यो रुंद करा, बोलली. तिला खांद्यावर घेऊन चौघं उतरली पायजेत."