गाडी बदलली की गोळी

मला गाडी लागते. हे ऐकून जे लोक हसतात त्यांच्याशी माझं लहानपणापासून वैर आहे. "अजूनही लागते? या वयात?" असं विचारून हीच माणसं चालत्या गाडीत कांद्याच्या भज्यांचा पुडा सोडून बसतात. देव त्यांचं भलं करो, फक्त त्यांना माझ्या शेजारची सीट देऊ नये.

बाबा उमरेडच्या शाळेत शिकवायचे आणि आईचं माहेर खाप्याचं. दिवाळीत नि उन्हाळ्यात उमरेडहून नागपूर, तिथे गाडी बदलून खापा, असा आमचा ठरलेला रस्ता. बाबा शाळेची कामं आटोपून मागून यायचे, त्यामुळे एसटीच्या लाल गाडीत आम्ही दोघीच. एक पत्र्याची पेटी, एक कापडी पिशवी, आणि पिशवीत संत्री. संत्र्याचे दिवस नसले तर वाळवून ठेवलेली संत्र्याची साल. ती साल नाकाशी धरली की मळमळ कमी होते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मीही मानते.

पण सालीच्या आधी गोळी. गाडी सुटायच्या आधी आई उलटीची अर्धी गोळी माझ्या जिभेवर ठेवायची. नागपूरला उतरलो, खाप्याची गाडी लागली, की उरलेली अर्धी. गाडी बदलली की गोळी, हा तिचा कायदा होता. एका गाडीची गोळी दुसऱ्या गाडीत चालत नाही, असं तिचं ठाम मत होतं आणि त्यावर कोणाशी चर्चा करायची तिला गरज वाटत नसे.

परिणाम एकच. मी झोपायची. गाडी गाव सोडायच्या आत माझं डोकं आईच्या मांडीवर पडलेलं असायचं. तिच्या साडीला रॉकेलचा आणि संत्र्याचा मिळून एक वास यायचा, तो आजही कुठे आला तर माझे डोळे जड होतात. मग एकदम कानाशी, "ऊठ वं, आलं खापा." आजोबांच्या घरापर्यंतची वाट पायी चालताना मी डोळे चोळत विचारायची, "आई, काय काय दिसलं?"

आणि आई सांगायची. एका चौकीच्या छपरावर माकड बसून काकडी खाऊन राहिलं होतं. एक नवरदेव ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या पेंगत होता, त्याचा फेटा मागच्याच्या मांडीवर पडला. एका बैलगाडीत आरशाचं कपाट होतं, कोणाच्या तरी लग्नाचं आंदण, आणि त्या आरशात आपली लाल गाडी दिसली. मी म्हणायची, "अन् मंग?" ती पुढचं सांगायची. "अन् मंग?" असं करत आजोबांचं दार यायचं. तो सगळा रस्ता मी लहानपणी पाहिलाच नाही, फक्त ऐकला. तरी मला तो पाठ आहे.

खाप्याला कन्हान नदी आहे. पुराच्या दिवसांत आजोबा लहानग्या आईला काठावर घेऊन जायचे, ही तिची आवडती आठवण. पाणी कितीही फुगलं तरी पलीकडची झाडं दिसायचीच. एकदा आजोबा म्हणाले, समुद्राला पलीकडचा काठ नसतो. आई तेव्हा फ्रॉक घालायच्या वयाची. ती आजोबांशी भांडली. पाणी आहे तर काठ असणारच, तुम्ही खोटं सांगून राहिले. आजोबा हसले असतील. पण ती गोष्ट तिच्या डोक्यातून गेली नाही, आणि समुद्र पाहायचा योगही आला नाही. नागपूरहून समुद्र काय हाकेवर आहे? संसार, माझी शाळा, बाबांचं आजारपण, मग बाबा गेले. कुठं समुद्राचा विषय निघाला की म्हणायची, "एकदा पाह्यलं पाह्यजे गा, खरंच काठ नाही का."

आता ती ऐंशीच्या पुढे आहे. गुडघे कुरकुर करतात, दम लागतो. मागच्या हिवाळ्यात माझ्या लेकाने पुण्याहून फोन करून सांगितलं की मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या जहाजाची तिकिटं काढलीत, दोन रात्री, मधला सबंध दिवस समुद्रात, तू आणि आजी जा. हा तिचा शेवटचा मोठा प्रवास, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. ती फक्त म्हणाली, "संत्रे घेऊन घेजो."

औषधाच्या दुकानात मी गोळ्या मागितल्या तर दुकानदार म्हणाला, "ताई, दिवसाला एक पुरे. गुंगी येते हं याची." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्याले काय माहीत तुझं पोट?" झालं! आईपुढे त्या बिचाऱ्याचं काय चालणार.

तेव्हा विमानाआधी एक. मोठी झाले म्हणून आता अर्धी नाही, आख्खी. मुंबईला उतरून टॅक्सीत बसायच्या आधी एक. आणि बंदरावर ते जहाज दिसल्यावर आई मान मागे टाकून पाहतच राहिली, म्हणाली, "बाप रे, मौद्याच्या कारखान्याएवढं आहे वं हे," आणि बटव्यातून तिसरी काढली. मी साठीची बाई, नोकरी करून निवृत्त झालेली, दोन लेकरं वाढवलेली, आणि तोंड उघडून ती गोळी घेतली. आईनं हात पुढे केला की माझं तोंड आपोआप उघडतं, त्याला मी काय करू?

आमची खोली आतल्या बाजूची होती, खिडकी नसलेली. ठरलं असं की सायंकाळी जहाज सुटताना वर गच्चीवर जायचं आणि काठ मागे पडताना पाहायचा. आई त्यासाठी मोरपंखी साडी नेसली. मी म्हटलं, "तू तयार हो, मी पाचच मिनिटं पडते."

जाग आली तेव्हा सकाळ झाली होती. आई समोरच्या पलंगाच्या कडेला बसून होती. तीच मोरपंखी साडी, पायात चपला, मांडीवर बटवा.

"आई! तू उठवलं काहून नाही?"

"उठवलं वं. तू हो आई, हो आई म्हणे अन् पुन्हा घोरे."

"मग एकटी जायचं ना वर!"

"तुले टाकून?" ती म्हणाली, जणू मी काहीतरी अचाटच बोलले.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. गोळ्यांचा, लेकाचा, बिनखिडकीच्या खोलीचा, आणि सगळ्यात जास्त आईचा. जन्मभर वाट पाहिलेली गोष्ट डोक्यावर दोन मजले होती आणि ही बाई रात्रभर भिंतीकडे तोंड करून बसली! मी रडलेसुद्धा. आई म्हणाली, "रडून काय राहिली? आज आहे ना दिवस." तिचं बरोबर होतं. तो एकच दिवस होता. दुसऱ्या सकाळी मुंबईचा धक्का येणार होता.

मी त्या दिवशीची गोळी घेतली नाही. तोंड धुतलं, पण डोळ्यांवर जणू कोणी ओलं कांबळं टाकलं होतं. जिन्याशी पाय अडखळला, तेव्हा आईनंच मला सावरलं.

गच्चीवर गाणी वाजत होती, पोरं हौदात उड्या मारत होती, एक बाई मोबाइल उंच धरून स्वतःलाच हसून दाखवत होती. आम्ही त्या गोंधळातून वाट काढत एका टोकाला आलो. तिथे सावलीत दोन खुर्च्या होत्या, आणि कठड्यापलीकडे पाणी.

आई कठडा धरून उभी राहिली. आधी समोर पाहिलं. मग सावकाश मान वळवून उजवीकडे, मग डावीकडे. बऱ्याच वेळानं म्हणाली, "काहीच नाही वं पल्याड."

मी तिच्याकडे वळले. तेवढ्यात लक्षात आलं की तिचे ओठ पांढरे पडलेत. तिनं बटव्यातून संत्र्याची साल काढली. मला वाटलं माझ्यासाठी, मी हात पुढे केला. तिनं ती स्वतःच्या नाकाशी धरली.

"आई, तुले काय होऊन राहिलं?"

"काही नाही. लागून राहिलं."

"तुले? तुले कुठं गाडी लागते?"

"मले तं पहिल्यापासून लागते," आई म्हणाली. "तू माह्यावरच गेली."

मी तिला खुर्चीत बसवलं. साठ वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, मग तू कधी गोळी का नाही घेतलीस? तर ती माझ्याकडे असं पाहू लागली की एवढं कसं कळत नाही या पोरीला. "दोघी झोपलो असतो तं पेटी कोण पाह्यली असती? खापा निघून गेलं असतं तं?"

"मग तू करत काय होतीस?"

"दूर पाहो. दूर पाह्यलं की जीव थाऱ्यावर राहते. एक झाड धरून ठेवायचं डोळ्यानं. ते गेलं की देऊळ. देऊळ गेलं की कोणी माणूस. नजर खाली आणली की संपलं."

माकड, नवरदेव, कपाट. मी खुर्चीच्या कडेला टेकले. म्हटलं, "अन् मले वाटे तू माह्यासाठी पाहून राहिली."

"पाहत माह्यासाठी होती," आई म्हणाली. "सांगत तुह्यासाठी होती. त्या आरशात तं मी मलेच पाह्यलं. खिडकीत तोंडाले पदर लावून, चेहरा पिवळा. ते तुले काय सांगायचं?"

मग तिनं समोर बोट केलं. "पण इथं काही धरायलेच नाही. कशावर नजर ठेवू?"

ज्याच्यासाठी एवढ्या लांब आली होती, तेच तिला सोसवत नव्हतं. कपाळावर घाम आला होता. मी बटव्यातून गोळ्यांची पट्टी काढली आणि तशीच हातात धरून राहिले, कारण गोळी म्हणजे झोप, आणि झोप म्हणजे समुद्र गेला. मी म्हटलं, खोलीत जाऊ या. ती नको म्हणाली. अजून एकदा तिनं सगळं पाणी नजरेखालून घातलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि हात पुढे केला.

"दे अर्धी. मी पाह्यलं. बाकीचं तू पाह्य, अन् मले सांग."

आईच्या जिभेवर मी अर्धी गोळी ठेवली. जन्मात पहिल्यांदा. थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. वजन काहीच नाही. रॉकेलचा वास कधीच गेला होता, संत्र्याचा होता.

आता मला जागं राहायचं होतं, आणि माझ्या अंगात आदल्या दिवसाच्या तीन गोळ्या अजून ठाण मांडून होत्या. उठून फेऱ्या मारता येईनात, आई जागी झाली असती. जहाजावरच्या पोऱ्यानं आणून दिलेली कडक कॉफी प्यायले. ओला रुमाल डोळ्यांवर फिरवला. तरी पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा आईच्या मुठीतली साल हळूच काढून घेतली आणि दाताखाली धरली. कडूजहर! झोप उडाली, पण पोट ढवळलं. मान डुलली की साल चावायची, पोट ढवळलं की दूर पाहायचं, असा माझा कारभार चालला होता.

आणि दूर खरंच काही नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, उठल्यावर हिला सांगू काय? नुसतं पाणी? आई मला कधी "काहीच नव्हतं" म्हणाली नव्हती. म्हणून मी डोळे ताणून बसले. मग दिसायला लागलं.

सावली पायाशी आली तेव्हा आई हलली. डोळे न उघडताच तिनं विचारलं, "काय काय दिसलं?"

"एक होडी दिसली. निळं प्लास्टिक छपरावर, अन् दोरीवर एकच शर्ट वाळत टाकलेला."

"अन् मंग?"

"एक पांढरा पक्षी इथं कठड्यावर येऊन बसला. तुह्याकडे पाहे, माह्याकडे पाहे. मग कंटाळून गेला."

"अन् मंग?"

"मग पाण्यातून मासे उडाले. चिमण्यांसारखे. थवाच्या थवा."

"हट्! मासे उडतेत का?"

"उडाले वं आई. या डोळ्यानं पाह्यले."

ती हसली. मग अगदी हळू विचारलं, "अन् काठ? दिसला का कुठं?"

"नाही आई. तू झोपली तेव्हापासून मी सारखी पाहून राहिली. कुठंच नाही दिसला."

"मंग माहे बाबा खरंच सांगत होते," आई म्हणाली. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी उगाच भांडली त्यायच्याशी."

मग ती नीट बसली, पदर सारखा केला आणि माझं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं. "आता तू झोप वं. किती लाल झाले डोळे. मी आहो जागी."

मी हो म्हणाले आणि डोळे मिटले. पण झोपले नाही. जरा वेळानं किलकिल्या डोळ्यांनी वर पाहिलं. आईनं ती चावलेली साल नाकाशी धरली होती आणि ती दूर पाहत होती.