गोळीनंतर अर्ध्या तासानं

माझ्या छातीत जळायचं आणि त्याचं कारण अख्ख्या पिंपळवंडीला ठाऊक होतं. कुणी म्हणे तिखट फार खाते, कुणी म्हणे चहा फार पिते. चुलत जाऊ म्हणायची, हिच्या डोक्यात राग लई, तोच घशाशी येतो. रागाचं खरं होतं. बाकी सगळं झूठ.

नव्वदीच्या सुरुवातीला महाळुंगे पडवळहून लग्न होऊन आले, तेव्हा घरात रीत अशी की आधी पुरुष जेवणार, मग पोरं, मग सासूबाई, मग आम्ही सुना. सकाळची न्याहारी आमच्या वाट्याला नव्हतीच. कपभर चहावर रानात जायचं आणि दुपार कलल्यावर जेवायचं. रात्री सगळ्यांच्या मागून जेवून, भांडी घासून, अंग टाकलं की आंबट पाणी घशात यायचं. सोडा झाला, थंड दूध झालं, गुलाबी औषधाच्या बाटल्या झाल्या.

शेवटी नारायणगावच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. अन्ननलिकेला आतून जखमा होत्या. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक कॅप्सूल, आणि ती बरेच महिने, असं ठरलं. मी इमानानं घेतली. फरक काही पडेना. सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर गोळ्या खायच्या म्हंजी काय खरं न्हाई." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

पुन्हा गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गोळी घेतल्यावर किती वेळानं खाता?"

"दुपारी. सगळ्यांचं झालं की."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. आपण खातो तेव्हा पोटात आम्ल जोरात तयार होतं, गोळीचा असर त्याच वेळी पाहिजे. म्हणून गोळीनंतर अर्ध्या तासानं खायचंच, आणि रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी. रिकामं पोट माझ्याकडे हवं तेवढं होतं. त्याच्या पुढचं जेवण नव्हतं. घरी येताना एसटीत मला घरादाराचा असा राग आला की शेजारच्या बाईनं विचारलं, काय दुखतंय का.

दुसऱ्या दिवशी तव्यावरची पहिली भाकरी मी माझ्या ताटात घेतली.

"पुरुषमाणसं उपाशी अन् तू जेवतीस व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

"डॉक्टरांनी सांगितलंय, आत्या."

नवरा म्हणाला, औषधच हाय ते, खाऊ दे. औषध म्हटल्यावर चाललं. संध्याकाळीही दिवेलागणीला जेवू लागले. महिन्याभरात जळजळ थांबली. सासूबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, "आमच्या सूनबाईला आधी जेवायचा आजार झालाय." लोक हसायचे. मी जेवायचे.

असं बरंच चाललं. मग जखमा भरल्या तसं डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड केली, पुढे बंदच केली. त्रास झाला तर थोडे दिवस घ्यायची, एवढंच. मी हरखून घरी सांगितलं. सगळ्यात जास्त आनंद सासूबाईंना झाला.

"बरं झालं. आता रीतीनं जेव."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता डॉक्टर मधे नव्हते.

त्याच आठवड्यात गावची जत्रा होती. पहाटेपासून बेसनाच्या मासवड्या थापत होतो, ओसरीवर पाव्हणे बसले होते. मी ताट घेतलं, भाकरी घेतली, मासवडी घेतली. तिखट रस्सा घेतला नाही, तेवढं मलाही कळतं. चुलत सासरे दारातून म्हणाले, "पावण्यांच्या आधी?" त्यांचं ऐकून सासूबाई आल्या आणि त्यांनी माझ्या ताटावर हात ठेवला.

"गोळी बंद झाली ना? मग आता कशाचं आधी जेवायचं?"

नवरा तिथंच होता, तो खाली बघत होता.

"गोळी बंद झालीय, आत्या. माझी भूक बंद झाली न्हाई."

त्यांचा हात मीच ताटावरून बाजूला केला आणि सगळ्या पाव्हण्यांच्या देखत पोटभर जेवले.