शत्रूंच्या देखत वाढलेलं ताट

भेटल्या की त्या नमस्कार करत नसत, सरळ मनगट धरत. दोन बोटं नाडीवर, नजर भिंतीकडे, आणि मग निकाल: "चल रही है, भैया जी. अभी नहीं मरोगे."

त्या निवृत्त नर्स. उत्तरेकडच्या आमच्या गावात, ओरछा गेटच्या गल्लीत, सगळे त्यांना सिस्टरजी म्हणत. तुमच्याही गल्लीत असं एक माणूस असेल, ज्याच्याकडे ताप मोजायला जावं आणि चहा पिऊन यावं. आमच्या घरी येऊन-जाऊन त्यांनी एकच मराठी शब्द उचलला होता, "बसा". तो त्या मांजरालाही म्हणत.

त्यांच्या घरात भिंतीवर ख्रिस्ती धर्मशास्त्रातलं एक वचन हिंदीत लावलेलं होतं. देव मेंढपाळासारखा सांभाळतो आणि शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतो, अशा अर्थाचं. मी हिशेब तपासणारा माणूस. जे जुळत नाही ते मला टोचतं. एवढा दयाळू देव शत्रूला दाखवून कशाला जेवायला घालतो, त्याला जळवायला का, असं मी एकदा विचारलंच.

त्या खूप हसल्या. "पादरी साहब कहते हैं, मतलब डरो मत. दुश्मन देखता रहे, तुम चैन से खाओ." मग म्हणाल्या, "पर कोई खड़ा देख रहा हो तो मुझसे कौर निगला नहीं जाता. मेरे लिए मतलब अभी पूरा खुला नहीं है."

पुढे त्यांचा मुलगा गेला. मऊरानीपुरहून मोटारसायकलवर परत येत होता. चुकीच्या बाजूने भरधाव आलेल्या ट्रॅक्टरने त्याला उडवलं. चालवणारा तरुण जामिनावर सुटला, खटला सुरू झाला. सिस्टरजींनी लोकांची मनगटं धरणं सोडून दिलं.

आपल्याकडे वर्षश्राद्ध, तशी त्यांच्यात बरसीची प्रार्थना असते. प्रार्थना होते, भजनं होतात, मग आलेला प्रत्येक जण जेवतो. त्या दिवशी आम्ही अंगणात लांब टेबलाला बसलो होतो. ताटं मांडून झाली होती, तेवढ्यात फाटकात तो तरुण दिसला. आत येईना, परत जाईना.

"इतै से भगाओ इखों!" समोरचे दुकानदार ओरडले. सिस्टरजींच्या भाच्याने त्याची कॉलर धरली. मीही उठलो आणि सिस्टरजींच्या कानाशी लागलो, याला आत घेतलंत तर उद्या त्याचा वकील म्हणेल की तडजोड झाली.

त्या फाटकाकडे पाहत राहिल्या. मग भाच्याला म्हणाल्या, "छोड़ दे."

"बुआ, ये वही है!"

"मालूम है." आवाज चिरकला होता. "ये मेज मैंने नहीं लगाई. जिसने लगाई, उसी ने दुश्मन को सामने खड़ा किया है. मैं किस हक से भगाऊँ?" आणि त्या तरुणाकडे वळून, "हाथ धो लो. नल उधर है."

मी ज्या वचनाची थट्टा केली होती, त्याचा अर्थ माझ्या डोळ्यांसमोर उठून एका माणसासाठी खुर्ची ओढत होता.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "माफ़ कर दिया उसे?"

"नहीं हुआ अभी," त्या स्पष्ट म्हणाल्या. "रोज माँगती हूँ कि हो जाए. तब तक क्या उसे भूखा रखूँ?"

"और कचहरी?"

"वहाँ समझौता नहीं करूँगी. वहाँ का हिसाब वहाँ."

त्यांनी केला नाहीच. त्याला शिक्षा झाली.

या हिवाळ्यात सिस्टरजी गेल्या. गल्लीत आता त्यांच्या मोठ्या मनाची गोष्ट सांगतात, जणू त्यांना ते सोपं गेलं होतं. मी बरसीच्या दिवशी त्या तरुणाच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. वाढताना त्यांचा हात इतका कापत होता की डाळ ताटाबाहेर, टेबलावर, त्या तरुणाच्या गुडघ्यावर सांडत होती. तो मान खाली घालून रडत होता. सिस्टरजींचे ओठ घट्ट मिटलेले. आम्ही कुणी घास उचलला नव्हता. पातेलं घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने, त्याच्याकडे न बघता, विचारलं, "और दूँ?"